वळचणीच्या चिऱ्यावरचा खटला

१

लाम्पोन स्थपतीचं डोकं चिऱ्याखाली होतं आणि बाकीचा लाम्पोन भिंतीशी पालथा पडला होता. वळचणीचा संगमरवरी चिरा तो, हलवायला बैल लागतात. ज्या डोक्याने अख्खी इमारत आखली, त्याचा त्या चिऱ्याने पार भुगा करून टाकला होता. माश्यांना बातमी माणसांच्या आधी लागली होती.

मेगार्तासला बोलावणं आलं तेव्हा तो जवाची भाकरी आणि चीज घेऊन नुकताच बसला होता. ताटावरून उठवलेल्या मेगार्तासच्या वाऱ्यालाही डेल्फीत कुणी उभं राहत नसे. देवस्थानातल्या विटाळाचा निवाडा त्याच्याकडे होता. अपोलोच्या आवारात जन्माला येणं चालत नाही आणि मरणं तर मुळीच नाही. तरी कुणी मेलंच, तर पातक कुणाच्या माथी मारायचं आणि शुद्धी कशी करायची, हे तो सांगायचा. उभा जन्म यात गेल्यामुळे मेलेल्यांपेक्षा जिवंतांचाच त्याला जास्त कंटाळा होता.

अर्गेसा बेटाच्या लोकांनी बांधायला घेतलेलं हे कोशागार म्हणजे देवळाचंच धाकटं भावंड. तीन बाजूंना आंधळ्या भिंती, पुढे दोन खांब, एक दार आणि आत देवाला वाहिलेलं सोनंनाणं ठेवायची जागा. भिंती उभ्या राहिल्या होत्या, वर वळचणीचे चिरे बसत होते, छप्पर तेवढं बाकी होतं. अपोलोच्या पिथियन खेळांच्या आत ते देवाला अर्पण व्हायचं होतं.

"घात झाला, महाराज!" ओनासोस छाती पिटत पुढे आला. हा बेटाचा यंदाचा मुखत्यार. अंगाला तेलाचा वास आणि डोळे कोरडे. "चिरा यारीवर टांगलेला होता. दोर निसटला. सगळे जेवून ऑलिव्हखाली आडवे झालेले, आणि या माझ्या गाढवाने एकट्यानेच चिरा चढवायला घेतला."

गाढव म्हणजे तिबियोस. ओनासोसचा गुलाम, यारी चालवणारा. उंच आणि खांद्याने रुंद.

"काय रे, असंच झालं?" मेगार्तासने विचारलं.

"दोर निसटला, महाराज."

"तू कुठे होतास?"

"दोर निसटला, महाराज."

मेगार्तासने ओनासोसकडे पाहिलं. "आता याची सालडी काढणार असाल."

"छे, छे! त्या बिचाऱ्याचा काय दोष? दोष दगडाचा." ओनासोसने आवाज मऊ केला. "आमच्या बेटाचा कायदाच आहे तसा. ज्या वस्तूने माणूस मारला, तिच्यावर खटला भरायचा. दोषी ठरली की हद्दीबाहेर नेऊन दरीत ढकलायची. उद्या सकाळीच उरकून टाकू. तुम्ही फक्त शुद्धी सांगा."

गुलामाची एवढी कणव असलेला मालक मेगार्तासने आजवर पाहिला नव्हता. तो काही बोलणार तोच गर्दीतून एक बाई माणसं ढकलत पुढे आली. लाम्पोनची बायको, निकारेते. ती रडत नव्हती आणि त्यामुळेच लोक तिला वाट देत होते.

"टांगलेल्या दगडाखाली?" ती म्हणाली. "टांगलेल्या दगडाखालून चालला म्हणून ह्यांनी सख्ख्या भावाच्या कानाखाली काढली होती, सगळ्यांदेखत. तो माणूस टांगलेल्या दगडाखाली पालथा पडून काय करत होता, ते मला कुणीतरी सांगा."



२

प्रेत ओढून काढायला पहारींनी चिरा जरा उचलला, खाली लाकडी पाचरी ठोकल्या. मेगार्तासने सगळ्यांना कुंपणाबाहेर हाकललं. निकारेतेला मात्र थांबवून घेतलं.

"बाई, तुमचा नवरा भिंतीकडे डोकं करून पडला होता. अगदी पायथ्याला लागून. झोपला होता का?"

"ते कामावर कधी झोपले नाहीत. घरीसुद्धा फारसे नाही." तिने पदराच्या टोकाने नाक पुसलं आणि भिंतीचा खालचा थर दाखवला. "ते बघा. मेण."

दोन चिऱ्यांच्या सांध्यावर मेणाचा ठिपका होता. मेगार्तास गुडघ्यांना शिव्या घालत खाली वाकला. मेण मधोमध तडकलं होतं. चांगल्या पाथरवटाच्या सांध्यात केस जात नाही, इथे त्याचं नख गेलं.

"भिंत खचतेय," निकारेते म्हणाली. "या बाजूचा पाया खडकापर्यंत नेलाच नाही. मुखत्यारांना खेळांची घाई, ह्यांना ताप आला होता तेव्हा भरावावरच थर चढवून घेतले. ह्यांना संशय होता, म्हणून सांध्यावर मेण लावलं; सांधा हलला की ते तडकतं. रोज दुपारी सावली या बाजूला आली की आडवे पडून मेण बघायचे. काल तडकलं."

"मग?"

"मग काल संध्याकाळी सगळ्यांसमोर ओरडले. पायापर्यंत सगळं उतरवणार, म्हणाले. खेळ गेले खड्ड्यात, म्हणाले."

"कुणाकुणासमोर?"

"मूर्तिकार बोइस्कोस होता. मुखत्यार होते. पाथरवट होते. बहिरा असता त्यालाही ऐकू गेलं असतं."

मेगार्तास ऐकत होता आणि त्याचा हात पाचरींनी उचललेल्या चिऱ्याच्या फटीत शिरला होता. चिरा पालथा पडला होता, वरची बाजू खाली. बोटांना एक खाच लागली. खाचेच्या तळाशी काहीतरी गार आणि गुळगुळीत होतं. त्याने हात बाहेर काढला.

बोटं राखाडी झाली होती. मेगार्तासने ती मुकाट्याने अंगरख्यात लपवली.

३

बोइस्कोस दारूवाल्याच्या ओट्यावर सापडला. कोशागाराच्या माथ्यावर बसायच्या दगडी चौकटींत त्याने घोडे कोरले होते. त्यातली एक रुंदीला जास्त झाली, तेव्हा लाम्पोनने ती परत पाठवली नाही, छिन्नी घेऊन घोड्याची शेपटीच उडवली. त्या दिवशी बोइस्कोस त्याला मारायला धावला होता, हे अख्ख्या डेल्फीने पाहिलं होतं.

"या, काका! मला धरायला आलात ना?" त्याने पेला उंचावला. "मारावंसं वाटलं का, विचारा. रोज वाटायचं. सकाळी उठलो की आधी तेच."

"मग मारलंस का?"

"मी मारलं असतं तर तोंडावर मारलं असतं. कुणी मारलं ते त्याला कळलं नाही तर मजा काय राहिली?"

"ऊठ. पिऊन परांचीवर चढता येतं का?"

"न पिता येत नाही."

बोइस्कोस वर गेला, पडलेल्या चिऱ्याच्या रिकाम्या जागेशी बराच वेळ वाकून राहिला. उतरला तेव्हा त्याची झिंग उतरली होती.

"काका, शेजारच्या चिऱ्यात पकडीची खाच आहे. आतून खरवडून लख्ख केलीय. ताजी. अजून पांढरी भुकटी आहे."

"म्हणजे काय, ते मला अडाण्याला सांगितल्यासारखं सांग."

"चिरा जागेवर बसला की तो आणि शेजारचा मिळून एक लोखंडी पकड ठोकतात. अर्धी याच्या खाचेत, अर्धी त्याच्या. मग वरून उकळतं शिसं ओततात. नंतर भूकंप झाला तरी ते हलायचे नाहीत."

"आणि टांगलेल्या चिऱ्याच्या खाचेत शिसं सापडलं तर?"

बोइस्कोस हसला. "पोर जन्मायच्या आधी बारसं? शक्यच नाही. चिरा बसल्याशिवाय..." तो एकदम थांबला. मेगार्तासने आपली बोटं त्याच्यासमोर धरली होती.

"वळचणीचा चिरा अर्धा बाहेर लोंबतो," बोइस्कोस हळूच म्हणाला. "वर अजून कौलांचं वजन नाही. पकड उपटली तर एक माणूस एका पहारीने कलंडवेल. म्हणजे लाम्पोन बसलेल्या चिऱ्याखाली पडला होता. स्वतः बसवलेल्या चिऱ्याखाली."

"हं. आणि कुणीतरी खालच्या चिऱ्यातलं शिसं काढायच्या आत लोक धावत आले. आता तो चिरा कुणाला उलटून बघू द्यायचा नाही, तर काय करावं?"

बोइस्कोसने दरीच्या दिशेने पाहिलं.

४

तिबियोस झऱ्यावर हात धूत होता. रक्त त्याच्या हातांना लागलंच नव्हतं, तरी तो धूत होता.

"महाराज, विचारू नका," मेगार्तासला पाहताच तो म्हणाला.

"मी काही विचारलं का?"

"गुलामाची साक्ष कशी घेतात, ठाऊक आहे मला. चाकावर बांधून. खरं बोललो तरी चाक, खोटं बोललो तरी चाक. चाकाशिवाय आमचं बोलणं पंच धरतच नाहीत. माझ्या भावाचं बघितलंय मी. तो चोरीच्या खटल्यात खरं बोलला होता. सोडला त्याला. त्यानंतर त्याला भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत नेता आला नाही." तो पुन्हा हात धुवायला लागला. "खटला दगडावर चालू द्या, महाराज. दगडाला दुखत नाही."

दगडाला दुखत नाही, हे मेगार्तासला मनापासून पटलं. तो सहसा कुणाला वचन देत नसे. त्या दिवशी त्याने दिलं.

"तिबियोस, तुझ्या तोंडून मी एक शब्द काढणार नाही. मला लागणारही नाही. तू चाकावर जाणार नाहीस. अपोलोची आण."

एवढा दांडगा माणूस, पण ढसाढसा रडला.

निकारेतेकडे मेगार्तास उन्हं कलताना गेला. तिने त्याला बसायलाही सांगितलं नाही.

"कोण?" तिने विचारलं.

"गुलाम एकाच माणसासाठी खोटं बोलतो. बोइस्कोससाठी तिबियोसने तोंड उघडलं नसतं. दगडाला दरीत घालायची घाईही त्याच माणसाला आहे. कोशागार यंदा अर्पण झालं तर दारावर कुणाचं नाव कोरलं जाणार?"

"ओनासोसचं. पुढच्या वर्षी मुखत्यार बदलतो." तिचे ओठ पांढरे पडले. "नावासाठी? दारावरच्या नावासाठी?"

"माणसं त्याहून कमीसाठी मारतात. मी बघितलीत."

"मग पकडा त्याला!"

"कसा पकडू? बेटाच्या माणसाने बेटाच्या माणसाला मारलं. तो खटला तुमच्या बेटावर चालेल. तिथे पंच कोण?"

"त्याचे मामा. मेव्हणे. त्याच्या पंगतीला बसणारे." ती भिंतीला टेकली. "तो सुटणार."

"खुनातून सुटणार," मेगार्तास म्हणाला. "बाई, तुमच्या बेटावर इमारत देवाची केव्हा होते?"

"अर्पण झाली की. सगळी पुरी झाल्यावर."

"आमच्याकडे चिऱ्यावर शिसं ओतलं की आम्ही वर दारू शिंपडतो. त्या क्षणापासून तो चिरा अपोलोचा. देवाची वस्तू हद्दीबाहेर नेली, तर नेणारा कुठल्या का गावचा असेना, निवाडा आमचे पंच करतात. शिक्षा एकच आहे." त्याने खिडकीतून वरच्या कड्याकडे बोट केलं. "आता उद्या त्याला खटला चालवू द्या. आडवं येऊ नका."

निकारेतेने तेव्हा पहिल्यांदा त्याला बसायला पाट दिला.

५

सकाळी चिऱ्यावर खटला चालला. बेटाची माणसं गोल करून बसली. ओनासोसने चिऱ्याकडे बोट रोखून भाषण केलं. या निर्दयाने एक बाई विधवा केली, म्हणाला. बोलता बोलता त्याने कोरडे डोळेही पुसले.

"आरोपीच्या बाजूने कुणी आहे का?" मेगार्तासने विचारलं.

"मी!" बोइस्कोस उभा राहिला. "आरोपी गरीब आहे. खाणीतून इथपर्यंत आला, पण कुणाला वेडंवाकडं बोलल्याचं ऐकिवात नाही."

लोक हसले. निकारेते हसली नाही.

"मुखत्यार," मेगार्तास म्हणाला, "शुद्धी ठरवायची तर मला शपथेवर सांगा. चिरा टांगलेला होता? जागेवर बसलेला नव्हता?"

"टांगलेला होता. अपोलोची शपथ."

"पुन्हा एकदा विचार करा. हद्दीबाहेर नेल्यावर मला काही बदलता येणार नाही."

"टांगलेला होता!"

चिरा दोषी ठरला. रक्त लागलेल्या दगडाला कोण हात लावणार? मजुरी मुखत्याराच्या हातात, म्हणून तोंड मिटून बसलेले पाथरवट केव्हाच पांगले होते. घसरगाडीला बैल जुंपले. रीतीप्रमाणे फिर्यादीने स्वतः बैल हाकत न्यायचे होते. बैल ओढतील, ओनासोस हाकील, एवढाच मेगार्तासचा हिशेब होता. तो पाथरवटाच्या घरात जन्मला, दोन खोल्यांत वाढला. मोठ्या घरचा माणूस चारचौघांत स्वतःच्या हाताने कधी काहीच करत नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तिबियोस!" ओनासोसने हाक मारली. "बघत काय उभा राहिलास? कासरा धर."

तिबियोस पुढे आला. कासरा धरताना त्याने गर्दीत कुणाला तरी शोधलं. मेगार्तासवर त्याची नजर थांबली.

मेगार्तासला कायद्यातले शब्द आठवले. नेणारे हात. हुकूम देणारा सुटत नव्हता, पण हातही सुटत नव्हते; मालक-नोकर असा भेद कायद्यात नव्हता. "थांबा" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. गाडी थांबली असती, तिबियोस वाचला असता. ओनासोसही वाचला असता आणि दुपारच्या गलबताने घरी गेला असता.

त्याच्या मनगटावर कुणाची तरी नखं रुतली.

"बोलू नका," निकारेते म्हणाली. "तुम्हाला माझी शपथ आहे. बोलू नका."

"त्याने काही केलेलं नाही, बाई."

"माझ्या नवऱ्याने काय केलं होतं?"

पंचांचे पाय धरीन, मेगार्तासने मनाशी म्हटलं. मला नाही म्हणणार नाहीत. नंतर सोडवीन त्याला. असं म्हणून तो गप्प राहिला.

बैल चालायला लागले. हद्दीचा दगड आला आणि मागे पडला.

६

"आता उलटा तो चिरा," मेगार्तास म्हणाला.

दरीच्या काठाशी देवस्थानचे पहारेकरी झाडाआडून पुढे आले. ओनासोस ओरडला, आडवा झाला, त्याला बाजूला सारलं. पहारींनी चिरा उलटला. खाचेतलं शिसं उन्हात चकाकलं. मधोमध पकडीच्या टोकाचा ठसा स्पष्ट उमटला होता.

"टांगलेल्या चिऱ्यात शिसं नसतं," मेगार्तास सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लाम्पोन रोज दुपारी भिंतीशी पालथा पडून फट बघायचा. बसलेल्या चिऱ्याला घाबरायचं त्याला कारण नव्हतं. हे माहीत असलेल्या माणसाने आधीच पकड उपटून ठेवली, दुपारी चिरा कलंडवला, आणि स्वतःच्या गुलामाला एक वाक्य पाठ करायला लावलं. पण तो खून तुमच्या बेटाचा, मुखत्यार. तो तुम्ही घरी नेऊन निस्तरा. मी तुम्हाला देवाची वस्तू पळवल्याबद्दल धरतोय."

"देवाची? अर्पण अजून झालंच नाही!"

"तो नियम तुमच्या बेटावर."

ओनासोसला बसायला जमीन सापडेना. मेगार्तासला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. घटकाभर फारच बरं वाटलं.

दुपारी पंच बसले. मेगार्तासने तिबियोससाठी हात जोडले, जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "हुकमाचा ताबेदार आहे. नाही म्हणायची त्याला सोय होती का?"

"हात कुणाचे होते?" मुख्य पंचाने विचारलं. तो मेगार्तासचा जुना मित्र होता.

"त्याचे."

"मग? उद्या प्रत्येक चोर गुलामाच्या हाताने देऊळ लुटील."

तेवढ्यात ओनासोसने मान वर केली. बुडता माणूस काय वाटेल ते पकडतो. "माझ्या गुलामाची साक्ष घ्या," तो म्हणाला. "तो सांगेल, दोर निसटला. माझा हक्क आहे तो. चाकावर घाला त्याला आणि विचारा!"

हक्क होताच. पंचांनी चाक मागवलं. मेगार्तास बाहेर जाऊन उभा राहिला, पण भिंत जाड नव्हती.

तिबियोस शेवटपर्यंत एकच वाक्य बोलला. दोर निसटला. कुणी त्याला सांगितलंच नव्हतं की आता दुसरं काही बोललं तरी चालेल. पंचांनी साक्ष खोटी ठरवली.

संध्याकाळच्या आत चिरा परत आणला. बासरीवाले पुढे, बायका फुलं टाकतायत, निर्दोष चिरा देवाघरी परत आला. निकारेतेने तो झऱ्याच्या पाण्याने स्वतः धुतला. शुद्धीचे मंत्र मेगार्तासनेच म्हटले, दुसरं कोण म्हणणार? मग तो कडा चढून गेला.

ओनासोसला आधी नेलं. तो अर्ध्या वाटेपासून किंचाळत होता. तिबियोसला उचलून आणावं लागलं, कारण पाय त्याच्या कामाचे राहिले नव्हते. पहारेकऱ्यांनी त्याला काठाशी दगडाला टेकवून ठेवलं. मेगार्तास त्याच्यासमोर खाली बसला. 

"महाराज," तिबियोसने विचारलं, "मी कासरा धरला तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होतात ना?"

"हो."

"तरीच." त्याने मान हलवली. "मला वाटलं, महाराज बघतायत आणि काही म्हणत नाहीत, म्हणजे धरायला हरकत नसेल."